हाडाला घातलेली हाक

सहा वर्षांच्या मुलीचा दात हलत होता. २००१ सालातली एक संध्याकाळ. मुलीने वडिलांना दात काढून द्यायला सांगितले. त्यांनी तो अलगद काढला आणि बापलेक तो हातात घेऊन निरखत बसले. एवढासा पांढरा दात, खालून पोकळ. पण त्या पोकळीत वडिलांना काहीतरी लाल दिसले.

आपल्याकडे असा दात कौलांवर भिरकावतात, नाहीतर उंदराच्या बिळापाशी नेऊन ठेवतात आणि बदल्यात उंदराकडे त्याच्यासारखा बळकट दात मागतात. या घरात तसे झाले नाही. मुलीचे वडील होते सोंगताओ शी. दंतवैद्यक शिकलेले आणि अमेरिकेत वॉशिंग्टनलगतच्या बेथेस्डा येथे, सरकारच्या राष्ट्रीय दंत व कवटी-चेहरा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. दुसऱ्या दिवशी तो दात त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेला. आतले लाल म्हणजे दाताचा गर होता, ज्याला डॉक्टर पल्प म्हणतात. काही दिवसांनी मुलीचा आणखी एक दात पडला. या वेळी वडील तयारीत होते. पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात दात बुडवून त्यांनी प्रयोगशाळा गाठली. त्या गरातून जिवंत मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल निघाल्या.

ही गोष्ट इतकी गोड आहे की सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्या पेशींनी पुढे उंदराच्या कातडीखाली जे केले, त्याने जबड्याचे हाड पुन्हा उगवण्याच्या शंभर वर्षांच्या खटाटोपाला वेगळा अर्थ दिला. तो कळायचा तर आधी जबड्याकडे वळले पाहिजे.

जबड्यातले ज्या हाडात दात रुतलेले असतात, ते हाड दातासाठीच जगते. चावताना दातावर येणारा दाब त्याला पोहोचत असतो, तोवर ते टिकते. दात गेला की शरीर ते हाड परत घेऊ लागते. काढलेल्या दाढेच्या जागचा हाडाचा कंगोरा वर्षभरात जवळजवळ निम्मा अरुंद होतो, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. आपल्या पणज्यांचे बोळके तोंड, आत ओढलेले गाल, नाकाकडे वर आलेली हनुवटी आठवा. तो सगळा नुसत्या वयाचा परिणाम नव्हता. दातांमागोमाग हाड गेल्याची ती खूण होती.

झिजणे ही हळू चालणारी गोष्ट. जबडा एका क्षणात नाहीसा होणे म्हणजे काय, हे जगाने पहिल्या महायुद्धात पाहिले. खंदकात धड मातीआड राहते आणि डोके वर येते. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागतो तो चेहऱ्याला. १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. सेनापती हेग यांचीच दाढ दुखू लागली आणि पॅरिसहून दंतवैद्य आणावा लागला, तेव्हा फौजेला जाग आली असे सांगतात. तिथे काम करू लागलेल्या चार्ल्स व्हॅलाडिए या दंतवैद्याने बूलोनजवळ विमरू येथे जबड्याच्या जखमींसाठी वेगळा विभाग उभारला. १९१५ मध्ये त्याचे काम जवळून पाहणाऱ्यांत हॅरल्ड गिलीज हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला तरुण शल्यचिकित्सक होता. पुढच्या वर्षी गिलीजने इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉटला चेहऱ्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. सोमच्या लढाईनंतर दोनशे जखमी येतील अशी तयारी होती, आले दोन हजार. १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकपला यासाठी स्वतंत्र रुग्णालयच उघडावे लागले. गावातून रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाके निळी रंगवली होती. निळ्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नका, ही गावकऱ्यांना दिलेली सूचना होती.

चेहऱ्याची कातडी इकडून तिकडे वळवण्याची विद्या तोवर युरोपला ठाऊक होती, आणि तिचा एक धागा पुण्यातून गेलेला आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले, ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिथल्या शल्यचिकित्सकांनी ती रीत उचलली. पण कातडी म्हणजे पांघरूण. खाली हाड नसेल तर पांघरूण खचते. खालचा जबडा उडालेल्या माणसाची हनुवटी गळ्यात उतरते, जीभ मागे पडते, लाळ आवरत नाही, आडवे झोपले तर श्वास कोंडतो. म्हणून सिडकपला आणि तिकडे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ऑगस्ट लिंडेमानच्या हाताखाली, डॉक्टर एकाच गोष्टीकडे वळले. माणसाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढायचा आणि जबड्यात बसवायचा.

काही तुकडे जगले, बरेच कुजले. तोंड ही जंतूंनी भरलेली ओली जागा, आणि रक्तवाहिन्यांपासून तोडलेले हाड म्हणजे उपटून आणलेले रोप. तरीही पुढची पन्नास-साठ वर्षे जबड्याच्या दुरुस्तीचा मुख्य मार्ग हाच राहिला. हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून न्यायचे.

हाड न्यावे लागत नाही, बोलावता येते, हे पहिल्यांदा ठामपणे दाखवले ते लॉस एंजेलिसच्या मार्शल यूरिस्ट या अस्थिशल्यचिकित्सकाने. १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा लेख आला. हाडातले सगळे क्षार आम्लाने धुऊन काढायचे, उरलेला मऊ, निर्जीव सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवायचा. काही आठवड्यांत तिथे, जिथे हाड असण्याचे काही कारण नाही अशा मांसात, नवे हाड तयार होते. मेलेल्या हाडात असे काहीतरी उरलेले असते की ते आसपासच्या जिवंत पेशींना हाक घालते आणि त्या हाड घडवू लागतात. ते काहीतरी म्हणजे विशिष्ट प्रथिने, हे पुढे निश्चित झाले. त्यांना हाडाची आकारजनक प्रथिने म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून बीएमपी. त्यांतले एक कारखान्यात बनवून जबड्याच्या काही शस्त्रक्रियांत वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये परवानगी दिली. हाक घालणारा सापडला होता. त्या हाकेला ओ देणारा कोण?

त्याच्या शोधात मॉस्कोच्या गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन बसला होता. त्याची रीत साधी होती, आणि साध्या गोष्टींत खोल शिरण्याची त्याची चिकाटी मला थोर वाटते. प्राण्याच्या हाडातली मज्जा काढायची, पेशी सुट्या करायच्या, काचेच्या बशीत सोडायच्या. रक्ताच्या बहुतेक पेशी तरंगत राहतात, त्या ओतून टाकायच्या. अगदी थोड्या पेशी काचेला चिकटून बसतात. त्यांतली एकेक पेशी वाढून तिची छोटी वसाहत होते, ओल्या भिंतीवर बुरशीचे ठिपके उठावेत तशी. असा ठिपका उचलून प्राण्याच्या शरीरात ठेवला की तिथे हाड तयार होते. एका पेशीच्या वंशातून हाड. १९७० च्या त्याच्या लेखाकडे पाश्चात्त्य जगाने बराच काळ लक्ष दिले नाही. ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांनी त्याच्याबरोबर काम करून ते विचार इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत नेले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी या पेशींना 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव दिले आणि ते रूढ झाले.

त्याआधीच स्वीडनमध्ये वेगळेच काही घडले होते. पेर-इंगवार ब्रोनेमार्क याने सशाच्या हाडात बसवलेली टायटेनियमची नळी काढायला घेतली, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्याने पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे खुंट बसवून त्यावर दात उभे केले. आज गल्लोगल्ली 'इम्प्लांट'च्या पाट्या दिसतात, त्यांचे मूळ तिथे आहे. पण खुंट रोवायला जमीन लागते. दात जाऊन वर्षे लोटलेल्या माणसाच्या जबड्यात खुंटापुरतेही हाड नसते. युद्धातल्या जखमींचा प्रश्न असा घराघरातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न झाला.

आता बेथेस्डा. या संस्थेची स्थापना १९४८ ची. दुसऱ्या महायुद्धात भरतीला आलेल्या अमेरिकन तरुणांचे दात पाहून सरकार हादरले होते, त्यातून ती उभी राहिली. १९९० च्या दशकात तिथे पामेला रोबी यांच्या विभागात तीन प्रवाह येऊन मिळाले. मॉस्कोहून आला सर्गेई कुझनेत्सोव्ह, फ्रिडेनस्टाइनबरोबर काम केलेला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून आला स्टॅन ग्रोंथोस, मज्जेतल्या हजारो पेशींतून नेमक्या मूळपेशी वेचण्यात तरबेज. आणि दाताची जाण असलेले शी. मज्जेत अशा पेशी आहेत, तर दाताच्या गरात का नसाव्यात, असा प्रश्न तिथे उठणे स्वाभाविक होते. किडलेल्या दाताचा गर थोडाफार स्वतःला सावरतो, आतून नवे डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, लिंपतो, हे दंतवैद्य पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. लिंपणारा गवंडी कुठेतरी असलाच पाहिजे.

त्यांनी माणसांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढा घेतल्या, १९ ते २९ वयाच्या लोकांच्या. दाढ स्वच्छ करून मुळाच्या वर, मानेपाशी गोल कापतात आणि अलगद उघडतात. आत गर असतो, ओलसर लालसर धागा, चिमट्याने उचलला तर लोंबतो. तो बारीक करून विकराने विरघळवायचा, सुट्या पेशी बशीत सोडायच्या आणि थांबायचे. इथेही तेच ठिपके उठले. त्या पेशी क्षारांच्या भुकटीवर पसरून, परकी पेशी नाकारण्याची शक्ती नसलेल्या उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या. तिथे डेंटिन तयार झाले, आणि त्याच्या कडेला दाताच्या गरासारखा ऊतीचा पुंजका. मज्जेतल्या पेशी हाड आणि मज्जा घडवतात, दातातल्या पेशी दात घडवतात. डिसेंबर २००० मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही महिन्यांतच घरी तो दुधाचा दात हलू लागला.

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ कुठे जाते, हा प्रश्न लहानपणी मला पडत असे. खालून कायमचा दात वर सरकू लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळवतात. शेवटी वरचा मुकुट तेवढा हिरडीला लटकून राहतो. गराची एक चिमूट त्याच्या पोटात शिल्लक असते. शी यांच्या गटाने सात-आठ वर्षांच्या मुलांचे पुढचे पडलेले दात गोळा केले. एका दातातून वसाहत करू शकणाऱ्या पेशी मिळाल्या बारा ते वीस. एवढ्याच. पण त्या मोठ्यांच्या अक्कलदाढेतल्या पेशींपेक्षा भराभर वाढत होत्या. त्यांना नाव दिले 'शेड'. इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे, आणि त्याच शब्दाचा अर्थ गळून पडणे.

या पेशी उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या तेव्हा अपेक्षा होती अक्कलदाढेसारखीच, डेंटिन आणि गर यांचा नीट जुळलेला पुंजका मिळेल. तो मिळाला नाही. त्याऐवजी हाड तयार झाले, तेही भरपूर. आणि ते हाड तपासले तेव्हा त्यातल्या हाडाच्या पेशी माणसाच्या नव्हत्या. उंदराच्या होत्या. मुलांच्या दातातल्या पेशींनी स्वतः हाड केले नव्हते. त्यांनी पाया मांडला आणि उंदराच्या स्वतःच्या पेशींना कामाला बोलावले. यूरिस्टच्या धुतलेल्या हाडाने केले तेच, फरक इतकाच की इथे हाक घालणारा जिवंत होता. मला वाटते, दातातल्या पेशींच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निष्कर्ष आहे, आणि नंतर झालेल्या गाजावाजात तोच विसरला गेला. २००३ च्या एप्रिलमध्ये हा लेख आला. वर्तमानपत्रांनी 'दुधाचे दात जपून ठेवा' हे उचलले. 'हाड कोणाचे होते' हे कोणी फारसे विचारले नाही.

पुढच्या वर्षी त्याच संस्थेतून 'लॅन्सेट'मध्ये आणखी एक लेख आला. दात आणि हाड यांच्यामधल्या पातळ अस्थिबंधातही अशा पेशी सापडल्या होत्या. हे सगळे घर एकच आहे. गर्भात चेहरा घडताना मेंदू घडणाऱ्या नळीच्या कडेवरून, न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्ट्यातून पेशी निघतात, पुढे चालत येतात आणि त्यांच्यापासून जबड्याचे हाडही होते आणि दाताचा गरही. कमरेचे आणि पायाचे हाड मात्र वेगळ्या कुळातले. म्हणून जबड्यासाठी दाताच्या पेशी वापरणे म्हणजे सख्ख्या भावंडाला बोलावणे, असा विश्वास संशोधकांना होता.

माणसाच्या जबड्यात हा प्रयोग पहिल्यांदा नीट झाला तो इटलीतल्या नेपल्समध्ये. जानपाओलो पापाच्चो यांच्या गटाने निवडलेले रुग्ण होते खालच्या दोन्ही अक्कलदाढा अडकलेले. अशा अडकलेल्या दाढेमुळे तिच्या पुढच्या दाढेमागचे हाड झिजते. त्यांनी आधी त्याच माणसाच्या वरच्या अक्कलदाढा काढल्या. त्यांच्या गरातल्या पेशी वाढवल्या, आणि कोलॅजेनच्या स्पंजात मुरवल्या. मग खालच्या दाढा काढताना एका बाजूच्या खळग्यात पेशींचा स्पंज भरला, दुसऱ्या बाजूला नुसता स्पंज. एकाच तोंडात प्रयोगही आणि त्याची तुलनाही. ही मांडणी मला फार आवडते. माणूस तोच, वय तेच, खाणे-पिणे तेच, फरक फक्त पेशींचा. २००९ मध्ये त्यांनी लिहिले की तीन महिन्यांत पेशी घातलेल्या बाजूचे हाड उंचीने भरून आले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सुबक थरांचे दिसले. दुसऱ्या बाजूचे अजून कोवळे, तंतुमय होते.

पेशी भरल्यावर तीन वर्षांनी त्याच रुग्णांतल्या काहींचे हाड पुन्हा तपासले. या वेळी सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्षकिरणांनी त्याची त्रिमितीय प्रतिमा घेतली. हाड टिकून होते. पण तिथे असायला हवे होते ते जाळीदार, स्पंजासारखे हाड. तयार झाले होते घट्ट, भरीव हाड. वाईट नव्हे, कदाचित इम्प्लांटला बळकटच. पण निसर्गाने त्या जागी जे ठेवले होते, ते नव्हे. लेखकांनी ही गोष्ट झाकली नाही, उलट लेखाच्या मथळ्यातच घातली. बोलावलेले कारागीर आले, पण त्यांनी जुन्या नकाशावर काम केले नाही.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या सिरिओ-लिबानेस रुग्णालयात डॅनिएला बुएनो आणि सहकाऱ्यांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांकडे पाहिले. या मुलांच्या वरच्या जबड्यात एक फट असते. ती भरली नाही तर तिथला कायमचा दात यायला हाडच नसते. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या कमरेतून हाड काढून ती भरण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. मूल चालताना कित्येक दिवस लंगडते. ब्राझीलच्या गटाने त्याच मुलाच्या दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून, हाडाच्या क्षारांच्या आणि कोलॅजेनच्या स्पंजात घालून फटीत भरल्या. वर्षभराने फट कमरेच्या हाडाने भरलेल्या मुलांइतकीच भरून आली होती, आणि कमरेची वेदना नव्हती. रुग्ण मोजके होते आणि तुलना आधीच्या रुग्णांशी केली होती. तरी मला या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत आशेचे पान वाटते. हाक घालणारी पेशी मुलाची, ओ देणारे हाडही मुलाचे, कोवळे, रक्ताने भरलेले. आणि लागणारा दात एरवी फेकलाच जाणार होता.

सगळीकडे असे घडले नाही. चीनमधल्या शीआन येथे हिरड्यांच्या रोगाने हाड खंगलेल्या तीस रुग्णांवर २०१६ मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या खळग्यात अस्थिबंधातल्या पेशी आणि गायीच्या हाडाची भुकटी, काहींच्या नुसती भुकटी. वर्षभराने दोन्हीकडे हाड वाढले, आणि दोन्हीत लक्षणीय फरक नव्हता. पेशींनी अपाय केला नाही, एवढे सिद्ध झाले. दोन वर्षांनी स्पेनमधल्या एका गटाने नेपल्ससारखीच, एकाच तोंडात दोन बाजूंची चाचणी अक्कलदाढेच्या खळग्यांवर केली. तिथे गर प्रयोगशाळेत वाढवला नव्हता, बारीक करून तसाच भरला होता. फरक दिसला नाही.

निराश होऊन हे लेख बाजूला ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. दाढ काढल्याचा ताजा खळगा निरोगी माणसात आपोआपच बराचसा भरतो. जिथे शरीर स्वतः धावून येते तिथे हाक घातली काय आणि न घातली काय. शिवाय एकाने पेशी आठवडे-आठवडे वाढवून दिल्या, दुसऱ्याने दाढ फोडून लगेच. या दोन गोष्टी एकाच नावाखाली मोजणे बरोबर नाही. २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच लिहिले की आपण दिलेले नाव चुकीचे पडले, आता ते बदला. या पेशी स्वतः नवी ऊती घडवण्यापेक्षा इशारे पाठवून शरीराकडून काम करून घेतात, असे त्यांचे मत झाले होते. दुधाच्या दातातल्या त्या बारा-वीस पेशींनी चौदा वर्षांपूर्वी उंदराच्या कातडीखाली हेच तर दाखवले होते.

आणि म्हणूनच, ज्याला जबड्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत ही विद्या अजून पोहोचलेली नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. तंबाखू, सुपारी, गुटखा गालाच्या आणि हिरडीच्या खोबणीत धरून ठेवायचा, आणि गाठ तिथेच उठून जबड्यात शिरायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी परळच्या टाटा मेमोरियलच्या ओपीडीत गाल फुगलेले, तोंड दोन बोटेही न उघडणारे तरुण रांगेत असतात. त्यांच्या जबड्याचा तुकडाच कापून काढावा लागतो. तिथे आज डॉक्टर काय करतात? पोटरीतले बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात. मेलबर्नच्या इयान टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड रक्तवाहिन्यांसह दुसऱ्या जागी नेले, आणि न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये त्यापासून खालचा जबडा घडवून दाखवला. सरळ हाडाच्या पाचरी काढून त्याला हनुवटीचे वळण द्यायचे, टायटेनियमच्या पट्टीवर बसवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने त्याच्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवायच्या. आठ-दहा तासांचे काम. सिडकपच्या डॉक्टरांचे उपटलेले रोप मुळांसकट नेण्याची ही रीत आहे. अजूनही हाड न्यावेच लागते.

कारण त्या जबड्यात हाकेला ओ द्यायला कोणी उरलेले नसते. बोटभर लांबीचा तुकडाच गेलेला. त्यावर किरणोपचार झाले असतील तर उरलेल्या हाडातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, पेशी मेलेल्या. तंबाखूने आधीच वाट लावलेली. शिवाय वाढीचे इशारे पाठवणारी पेशी जिथे नुकताच कर्करोग होता तिथे सोडायची, यात कोणाही समंजस डॉक्टरचा हात थबकेल. लहान मुलाच्या टाळूतली फट आणि चाळिशीच्या माणसाचा कापलेला जबडा, या दोन्हींना 'जबड्याचे हाड पुन्हा उगवणे' हा एकच शब्दप्रयोग लावला जातो. तिथेच फसगत सुरू होते.

ही फसगत महागाची आहे. दुधाच्या दातांची बातमी येताच जगभर दात साठवणाऱ्या पेढ्या निघाल्या. मूल सहा-सात वर्षांचे झाले की आईबापांना सांगायचे, आता नाही साठवलेत तर पुढे पस्तावाल. ही हाक भारतातल्या शहरांतही घातली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूळपेशींच्या संशोधनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट लिहिले आहे की रक्ताच्या काही आजारांवरील प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचा कोणताही उपयोग हा अजून प्रस्थापित उपचार नाही, तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. व्यावसायिक साठवणुकीला मुभा आहे ती नाळेतल्या रक्ताला. दातातल्या पेशींना नाही.

तेव्हा कोणी तुम्हाला दातातल्या स्टेम सेलने जबडा भरून देतो म्हणाले, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला त्या चाचणीचा क्रमांक मागा. ही नोंदवही सर्वांना पाहायला खुली आहे. क्रमांक नसेल, किंवा पैसे मागितले जात असतील, तर उठून या. आणि घरातल्या मुलाचा दात पडला तर तो खुशाल कौलावर टाका. त्याआधी मात्र एकदा तो उलटा करून, पोरासोबत बसून, आतला लाल ठिपका पाहा.